बहिऱ्यांचा शोध

धर्मप्रचारासाठीं परदेशीं गेलेले कांहीं स्वयंसेवक बहिऱ्या माणसांचा शोध करीत दारोदार हिंडतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. पण आंधळा काठीवरून ओळखूं येतो. बहिरा भर बाजारांतही ओळखूं येत नाहीं. त्याचा ठावठिकाणा शेजाऱ्यांसच विचारावा लागतो.

आमच्या टेंभुर्णीस असा कोणी आला, तर त्यानें 'मुका कोठें राहतो?' असें विचारावें. न ऐकणें हें मूळ आणि न बोलणें हें फळ. परंतु लोक नांव ठेवतात तें फळावरून. अशा माणसाच्या हातांना शेतावर काम मिळतें. ओसरीवरच्या गप्पांत मात्र त्याला जागा नसते.

अठराव्या शतकांत पॅरिसमधील आबे द लेपे या धर्मगुरूस दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांस धर्म शिकवावयास तो सरसावला. पण त्यासाठीं बहिऱ्यांच्या खुणा आधीं त्यालाच शिकाव्या लागल्या. मुंबईंतील मूकबधिरांची शाळाही १८८५ च्या सुमारास बिशप म्यूरिन यांच्याच पुढाकारानें निघाली.

२०११ च्या जनगणनेंत देशांतील पन्नास लाखांवर माणसांची बहिरेपणाची नोंद झाली. नोंद झाली म्हणजे भेट झाली असें नव्हे. परक्यांनीं त्यांस शोधीत यावें यांत मला नवल वाटत नाहीं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासाठीं आपण चार खुणाही शिकत नाहीं, याचें वाटतें.