शोभेचा साबण

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की साड्यांच्या घड्यांतून एखादी साबणाची वडी हमखास निघते. कुणीतरी कधीतरी दिलेली, गुलाबाच्या आकाराची, चुरचुरीत कागदात गुंडाळलेली. वास बराचसा उडालेला, पण पाकळी एकही झिजलेली नाही. आपल्याकडे चांगला साबण वापरण्यासाठी नसतोच मुळी, ठेवण्यासाठी असतो. दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी निमूट झाडून टाकणाऱ्या घरांतही साबणाच्या गुलाबाला पाणी लावायला जीव होत नाही. घरी हौसेनं असे साबण करायला बसलेल्या माणसाला म्हणूनच सगळ्यांत आधी ऐकावं लागतं, ‘‘केलंस छान गं, पण हे वापरायचं कसं?’’

करणं तसं सोपं आहे. ग्लिसरीनचा तयार बेस मिळतो. त्याचे सुपारीएवढे तुकडे करायचे, पातेल्यात पाणी तापवून त्यावर दुसरं भांडं ठेवायचं आणि त्यात ते वितळू द्यायचे. साधारण 60 ते 65 अंशांना बेस पातळ होतो. त्याला उकळी मात्र येऊ द्यायची नाही. आतलं पाणी उडून जातं आणि वडी चिवट होते. ढवळायचं तेही हलक्या हातानं. ताक घुसळल्यासारखं घुसळलं, की फेस आलाच. मग किलोला 20 ते 30 मिलिलिटर सुगंधी तेल, चिमूटभर रंग, आणि सिलिकॉनच्या साच्यात ओतणं. वर बुडबुडे राहिले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक फवारा मारला की ते बसतात. फवारा पेटत्या शेगडीपासून लांब मारायचा, हे सांगायलाच हवं.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून साबण करणारी मंडळी याला साबण करणं म्हणत नाहीत. आयता साबण वितळवणं म्हणतात, आणि ते खरंच आहे. त्यांचं काम वेगळ्या जातीचं. 100 ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला साडेतेरा, एरंडेलाला तेराच्या आत. म्हणजे खोबरेल संपलं म्हणून दुसरं तेल ओतून भागत नाही. कॉस्टिक जास्त झालं तर साबण कातडी सोलतो. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. भांडं स्टीलचं हवं, कारण ॲल्युमिनिअमला कॉस्टिक खातं. चष्मा आणि हातमोजे घालायचे, आणि झाल्यावर वड्या चार ते सहा आठवडे वाळवायच्या. घरात लहान मूल असेल तर नवख्यानं बेसवरच हात बसवावा, असं माझं मत आहे. त्यात कमीपणा काही नाही. नक्षी आणि रंग इथंही स्वतःलाच जमवावे लागतात.

रंगांवरून एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची आठवण येते. मिशेल युजीन शेव्रल. तेला-चरबीचा साबण होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यानं वर्षानुवर्षं तपासलं आणि 1823 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथं तक्रार आली, की काळा रंग नीट चढत नाही. त्यानं पाहिलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे काळा फिका दिसत होता. त्यावर 1839 मध्ये दुसरा ग्रंथ. साबण आणि रंगांचा शेजार, दोन्ही एकाच माणसानं उलगडून दाखवावं, हा योग मला फार आवडतो. गुलाबी थरालगत पांढरा थर ओतून बघा. तो किंचित हिरवट भासतो. बेस बदलून हा भास जाणार नाही.

थर ओतण्यातच खरी कसोटी आहे. खालच्या थरावर साय धरलेली हवी, पण तो आतून कोमट हवा. वरचा फार गरम असेल तर खालच्याला वितळवून सगळा गढूळ करतो. खालचा पार गार झालेला असेल तर दोघांची जवळीकच होत नाही, कापताना सुटे होतात. रंग म्हणून खाण्याचा रंग घेऊ नये. तो एका थरातून दुसऱ्यात पाझरतो. अभ्रकाचे रंग जागचे हलत नाहीत. आणि हळद? पिवळ्या साबणासाठी अगदी घरची वस्तू, पण साबण अल्कधर्मी असतो आणि हळद तिथं लालसर होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे. चुन्याच्या संगतीनं हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणानं. गुलाबाच्या वाळक्या पाकळ्यासुद्धा साबणात थोड्याच दिवसांत तपकिरी पडतात. झेंडूच्या कुळातल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या मात्र पिवळ्याच राहतात.

मोदकाच्या नि बर्फीच्या आकाराचे साबण मला बिलकूल पटत नाहीत. त्यात पुन्हा व्हॅनिलाचा वास घालतात. पाहुण्यांचं पोर तो तोंडात घालणार नाही तर काय करणार?

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. साच्यातून काढलेल्या सुरेख वडीवर काही तासांत दवासारखे थेंब जमतात. साबणाला घाम फुटला, म्हणतात. बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, एवढंच. लवकर घट्ट व्हावी म्हणून वडी फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर ती आणखी ओली होते. तेव्हा पंख्याखाली जमू द्यावी आणि साच्यातून काढल्या काढल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळावी. थेंबांनी वडी बिघडत नाही, फक्त दिसायला चिकट दिसते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हे साबण द्यायचे असतील तर माझी एक सूचना आहे. जोडीनं द्या: एक नक्षीचा, आणि त्याच बेसचा सुरीनं कापलेला एक साधा तुकडा. साधा अंगाला लावून पाहिला, की नक्षीच्या वडीला पाणी लावायचा धीर होतो. आणि जाळीच्या साबणदाणीतच ठेवा म्हणून सांगा. साचलेल्या पाण्यात ग्लिसरीनचा साबण फार भराभर विरघळतो.