जहाजावरची रेघ



आपल्या बेळगाव-निपाणी भागाला समुद्र नाही, पण बंदराशी नाते जुने आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा बराच माल वेंगुर्ल्याहून घाट चढून येई. बेळगावातील वेंगुर्ला रोड हे नाव आजही त्याची साक्ष देते. म्हणून या अंकात जहाजाविषयी थोडे लिहीत आहोत.

लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगते? जहाज आतून पोकळ असते. आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारले की ते तरंगू लागते. वजन वाढवत गेलो तर ते अधिकाधिक खोल जाते. तळाशी वजन हवे, वर कमी. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत डळमळीत माणसाला ‘बिन पेंदे का लोटा’ म्हणतात. वरच्या मजल्यावर गर्दी झालेल्या जहाजाची गत तशीच होते.

१९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ला दुहेरी तळ होता. आत १५ आडव्या पोलादी भिंती घालून १६ कप्पे केले होते. पुढचे ४ कप्पे भरले तरी ते तरंगले असते. हिमनगाने त्याहून अधिक कप्पे फोडले. भिंती पुरेशा उंच नव्हत्या. भातशेतीत एक वाफा भरला की पाणी बांधावरून पुढच्या वाफ्यात जाते, तसे झाले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा १,१७८. सुमारे १,५०० माणसे गेली. नवल म्हणजे होड्यांच्या बाबतीत कायदा मोडलेला नव्हता! कायदाच अपुरा होता. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये देशोदेशींच्या प्रतिनिधींनी करार केला, की प्रत्येक माणसाला होडीत जागा हवी.

आपल्या जवळचे दुःख ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईला कित्येक तास वार्ताच नव्हती.

जहाजाच्या बाजूवर एक रेघ रंगवलेली असते. ती पाण्याखाली गेली की भार जास्त झाला असे समजावे. सॅम्युअल प्लिमसॉल या इंग्लंडच्या खासदाराने त्यासाठी लढा दिला आणि १८७६ साली ती सक्तीची झाली. पण रेघ कोठे ओढायची हे आरंभी मालकच ठरवीत! पुढे तिची जागाही कायद्याने ठरवावी लागली. कारण ज्याला भाड्याचा लाभ, त्याच्या हाती रेघ असली की ती वर सरकते.

आता शाळेविषयी. “सर, रिक्षात आणखी एक मूल बसेल,” असे काही पालक म्हणतात. सहलीला दुसऱ्या बसचा खर्च कशाला, असेही विचारले जाते. त्यांची अडचण आम्ही जाणतो. फी भरताना होणारी ओढाताण आम्ही रोज पाहतो. तरीही जितक्या जागा तितकीच मुले, ही आमची रेघ आहे. दुसऱ्या बसचा भार गरीब पालकांवर पडू नये, यासाठी विश्वस्त मंडळाने तरतूद करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. तरतूद झाली नाही तर सहल दोन खेपांत नेऊ, पण एका बाकावर चौथे मूल बसवणार नाही.

विद्यार्थ्यांनो, रिक्षात जागा नसेल तर निःसंकोच खाली उतरा आणि शाळेच्या कार्यालयात येऊन सांगा. उशीर झाला म्हणून कोणी रागावणार नाही.