आत तबकडी नाही

एडवणच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर एरिक डॉल्फीच्या 'आउट टु लंच!' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन खिळ्याला अडकवलेले आहे. आत तबकडी नाही. काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेली ती तबकडी उन्हाने वाकून केव्हाच निकामी झाली. पुठ्ठा मात्र खाऱ्या हवेत कडा फुगूनही टिकला.

चित्र साधेच. दुकानाच्या दारावरची 'परत येतो' अशी पाटी, तिच्यावर घड्याळ. पण काटे दोन नाहीत, कितीतरी आहेत, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. छायाचित्र आणि मांडणी दोन्ही रीड माइल्सची. ब्लू नोट कंपनीसाठी त्याने दशकभरात शेकडो वेष्टने केली. त्यांवरची बहुतेक छायाचित्रे फ्रान्सिस वुल्फची असत. गंमत अशी की माइल्सला जॅझची फारशी आवड नव्हती. तरी जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम!'वर त्याने उद्गारचिन्हांची भिंत उभी केली आणि वादकाला तिकिटाएवढी जागा दिली. विरामचिन्ह हेही चित्र असू शकते, हे मला एम.ए.च्या वर्गात कुणी सांगितले नव्हते. असो.

डॉल्फीने ही ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९६४ मध्ये केली. जूनमध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो बर्लिनमध्ये वारला. ती बाजारात आली तेव्हा 'परत येतो' म्हणणारा उरलाच नव्हता. हा अर्थ चित्रात कुणी योजून भरलेला नसावा. पण आता तो चित्रातून वगळताही येत नाही.

म्हणूनच आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा मला राग येतो. तिथे पुस्तक जरा सैल झाले की मुखपृष्ठ फाडून रेक्झिनची बांधणी होते. अरुण कोलटकर मी पंधरा वर्षे शिकवतो आहे. हा कवी पोटासाठी जाहिरातक्षेत्रात ग्राफिक डिझायनर होता. १९७६ मध्ये 'जेजुरी' काढणाऱ्या क्लिअरिंग हाउसच्या पुस्तकांची मुखपृष्ठे त्याचीच. आमची प्रत मात्र तपकिरी रेक्झिनमध्ये आहे. विद्यार्थ्यांना कवी दिसतो, त्याचा हात दिसत नाही. यावर मी अर्ज केला तेव्हा 'टिकाऊपणा महत्त्वाचा' असे तोंडी उत्तर मिळाले.

गेल्या दिवाळीआधी एडवणला रंगकाम निघाले. काका जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. काकू म्हणाली, "अरे, ते रिकामं पाकीट काढ आता. बुरशी धरलीय." मी वेष्टन उतरवले, कोरड्या फडक्याने पुसले, दोन दिवस ओटीवर ठेवले. खिळा तिने काढू दिला नव्हता. रंग वाळल्यावर मी येण्याआधीच तिने ते पुन्हा अडकवलेले होते, थोडेसे तिरके.