अम्मीची झोप

आमची अम्मी रोज पहाटे चारच्या आधी दचकून उठते. 30 सप्टेंबर 1993 रोजी याच वेळी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या नांदूरघाटलाही धक्का जाणवला होता. मी तेव्हा पाळण्यात होतो.

गेल्या हिवाळ्यात मी घरगुती उपाय सुरू केले. जायफळ घातलेले कोमट दूध तिला आवडले, पण जाग यायची ती येतच राहिली. संध्याकाळचा चहा बंद केला, तर ती रागावली! मग एका रात्री काशाच्या वाटीने तिच्या तळव्यांना तूप चोळले. तळवे काळे पडले. "उष्णता निघाली, बेटा," ती म्हणाली. तो काशाचाच रंग होता, पण मी गप्प राहिलो. चोळता चोळता ती प्रथमच त्या पहाटेविषयी बोलू लागली. मला पाळण्यातून उचलून ती अंधारात अंगणाकडे धावली होती. बोलणे अर्धेच राहिले. तिचा डोळा लागला होता.

फजरची अजान झाली, तेव्हा मीच तिला हाक मारली.