सतरंजीचा काठ

सभेची खरी सुरुवात अध्यक्षांच्या सूचनेने होत नाही. कुणीतरी आधी येऊन खोली झाडतो, सतरंजी अंथरतो, कोपरे ओढून सुरकुत्या काढतो, तेव्हाच ती झालेली असते. आमच्या तालुक्याच्या गावी राष्ट्र सेवा दलाची शाखा मैदानावर भरायची, पण पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात निळ्या-लाल पट्ट्यांच्या सुती सतरंजीवर. ती घालण्या-उचलण्याच्या पाळ्या लावलेल्या असत. वकिलांच्या मुलाला आणि नगरपालिकेच्या झाडूवालीच्या मुलीला एकाच दिवशी पाळी येई. दोघांनी दोन टोकं धरून ती झटकायची, मग घडी. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, ही गोष्ट मी त्याच सतरंजीवर बसून ऐकली. गोष्ट ऐकताना ती मुलगी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. घरी मात्र तिला आमच्या ओसरीच्या आत कुणी बोलावत नसे. समतेबद्दल मला पडलेला पहिला प्रश्न तो होता, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता.

राजकारणात साध्या कार्यकर्त्याला ‘सतरंज्या उचलणारा’ असं हेटाळणीनं म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. सतरंजी घालणाऱ्याला जे दिसतं ते व्यासपीठावरच्याला दिसत नाही: कोण मध्यभागी येऊन ऐसपैस बसलं, कोण काठावर अर्धं टेकलं, आणि कोण जागा असूनही खाली जमिनीवरच बसलं.

आमच्या शाखेवर येणारे एक काका 1972 च्या दुष्काळानंतर बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेत हिंडले होते. ते सांगत, गावात गेलो की चावडीवर बैठक बसे, चहा येई आणि सगळे एकमुखानं म्हणत, आमच्याकडे भेदभाव नाही. मग मोहिमेतले तरुण उठून विहिरीवर जात. दलितवस्तीतल्या बायका घागर घेऊन लांब उभ्या असत, कुणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून. बैठकीत बोलली जाणारी गोष्ट आणि विहिरीवर दिसणारी गोष्ट यांत जे अंतर होतं, ते मोजणं हेच त्या मोहिमेचं काम. दोन्ही ठिकाणी जायचं, दोन्ही लिहून काढायचं. मानवी हक्कांवरची पुष्कळ व्याख्यानं मी नंतर ऐकली, पण कामाची रीत एवढी स्वच्छ सांगणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

कॉलेजात असताना मे महिन्याच्या उन्हात बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेले. पहाटे फावडी-घमेली, संध्याकाळी चर्चा. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते उभे असत किंवा आडवे. महाराष्ट्रभरातून आलेली मुलं समोर पसरलेली, आणि ज्यांना ऐकायला आलो तो माणूस खाटेवर पडून बोलतोय. तिथेच छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम केलेले काहीजण भेटले. जयप्रकाश नारायणांनी 1975 मध्ये उभ्या केलेल्या या संघटनेत तिशी ओलांडली की सदस्यत्व संपायचं, हा नियम मला फार आवडला. बोधगयेच्या मठाच्या जमिनीचा लढा त्यांच्याकडून ऐकला. तिथल्या मजूर बायकांनी विचारलं होतं, लाठ्या आम्हीही खाल्ल्या, मग पट्टा एकट्या नवऱ्याच्या नावावर का? पुढे काही गावांत जमिनी खरोखर बायकांच्या नावावर झाल्या. बैठकीच्या मागच्या रांगेतून आलेला प्रश्न होता तो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नोकरीला लागले होते. रजा काढून गेले. सगळीकडून तरुण आले होते. प्रेतं काढण्यापासून याद्या लिहिण्यापर्यंत मिळेल ते करत होते. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. कुडाच्या, पत्र्याच्या खोपटांत राहणारे त्या मानानं वाचले. पण ज्याच्या शेतावर राबायचं तो गेलेला, बैल गेलेले, हाताला काम नाही. याद्या तंबूत सतरंजीवर बसून व्हायच्या. पुढे बसलेल्यांची नावं आधी यायची, आणि पडलेल्या घराची नोंद व्हायची. बुडालेल्या मजुरीला रकानाच नव्हता. आमच्यातल्या काही मुलींनी संध्याकाळी वस्तीवर जाऊन वेगळी वही सुरू केली. पुढे नवी गावं वसली, त्यांत घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. भूकंपानं घरं पाडताना सातबारा पाहिला नव्हता, बांधताना मात्र तो पाहिला गेला. याचा राग मला आजही येतो, आणि तो शमावा असं वाटत नाही. मदत आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तिथे शिकले. मदतीला दयाळू माणसं पुरतात. न्यायासाठी रकाना बदलावा लागतो.

रकाना बदलतो, हेही पाहिलं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली: दाव्यांचा निर्णय करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. काठावर कोण बसलं आहे ते मोजा, असं कायद्यानंच सांगितलं. त्यामागे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात, त्यासाठी गावाचा अभ्यासगट बसतो. 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला.

निवृत्तीनंतर मी गडचिरोली जिल्ह्यात अधूनमधून जाते, तरुण कार्यकर्त्यांना दावे लिहायला मदत करते. त्यांच्या हातात फोन असतो, जीपीएसनं जंगलाची शीव नोंदवतात. आम्हाला जे नकाशे मिळवायला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत, ते त्यांच्या खिशात असतात. गेल्या उन्हाळ्यात एका गावी तेंदूपानाच्या विक्रीवर सभा होती. सकाळी सतरंजी घातली, पुरुष बसले. बायका पहाटेच पानं तोडायला गेलेल्या. पुरुषांचं म्हणणं, दोन-चारजणी घरी आहेत, बोलावून आणू, सह्या पुरतील. आमच्यातली एक बावीस-तेवीस वर्षांची पोर उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, पानं कोण तोडतं? मग भाव ठरवताना त्या नकोत का?” थोडी कुरकुर झाली. एक म्हातारे आजोबा म्हणाले, पोरगी बरोबर बोलते. सभा रात्री जेवणं झाल्यावर घ्यायची ठरली, आणि सतरंजी उचलून बायकांना सोयीच्या वस्तीवर नेली. रात्री भावावर बोलण्याआधी बायकांनी दुसराच विषय काढला: पानांचे पुडे मोजणारा माणूस कोण असावा, आणि मोजताना तो काय काय बाद धरतो. पुरुषांच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय नव्हता. ठरावात तो पहिला लिहिला गेला.