आधी काटा, मग पाटा

जिप्सी उंच करायची म्हणून गाडी घेऊन येणाऱ्याला मी आधी वजनकाट्यावर पाठवतो. कोल्हापूरच्या आसपास काट्यांना तोटा नाही. उसाचा मुलूख आहे, कुठल्याही मोठ्या रस्त्याला लागलं की काटा सापडतोच. पावत्या तीन आणायच्या. एक पूर्ण गाडीची, एक फक्त पुढची चाकं काट्यावर असतानाची, एक फक्त मागची. टाकी भरलेली हवी, स्टेपनी जागेवर, विंच असेल तर लावलेली, मागे नेहमीची हत्यारांची पेटी आणि चालवणारा सीटवर बसलेला. येणाऱ्याला हा सगळा खटाटोप वाटतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "काका, किती इंच वर येईल?" पण पावत्या हातात पडेपर्यंत मी पाट्यांविषयी, म्हणजे लीफ स्प्रिंगांविषयी, बोलत नाही. पाटा निवडायचा तो वजनाकडे बघून. उंची त्याच्या मागून येते.

जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही कोपऱ्यांवर पाटे, आणि सॉफ्ट टॉपचं मोकळं वजन हजार किलोच्या जरा आतच. लष्करानं, पोलिसांनी, वनखात्यानं ती वर्षानुवर्षं वापरली. माणसं आणि सामान भरून वाईट रस्त्यानं पळण्यासाठीच तिचे पाटे बेतलेले, म्हणून भरलेली जिप्सी चांगली चालते आणि रिकामी जिप्सी माणसाची पाठ काढते. तिच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी, हीही ॲक्सलच्या पुढच्या अंगाला आहे. चाक खड्ड्याच्या काठाला धडकलं की वर जाता जाता ते किंचित पुढेही जातं, म्हणजे ज्या काठानं धक्का दिला त्याच्यातच घुसतं. पुढनं एवढा दणका का बसतो याचं अर्धं कारण हे आहे, आणि ते पाटे बदलून जात नाही.

आता त्याच गाडीला लोखंडी बंपर आणि विंच लावा. दोन्ही मिळून ८० किलो धरू. हे ८० किलो पुढच्या ॲक्सलवर नाहीत, ॲक्सलच्याही पुढे लटकलेले आहेत. समजा ६० सेंटिमीटर पुढे. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. तरफेचा हिशेब मांडला तर पुढच्या ॲक्सलवर जवळपास १०० किलो वाढतात आणि मागच्या ॲक्सलवरून २० किलो उतरतात. म्हणजे पुढचा प्रत्येक पाटा ५० किलो जास्त पेलतो, आणि मागचे पाटे आधीच कडक असताना आणखी रिकामे होतात. नाक खाली, शेपूट वर. गाडी बघायला आली की डोळ्यांना पुढचं बसलेलं दिसतं, मागचं उचललेलं दिसत नाही. काट्याच्या पावतीवर मात्र दोन्ही दिसतं. म्हणून विंचची लोखंडी दोरी काढून सिंथेटिक दोरी घाला, असा माझा आग्रह असतो. नाकाच्या टोकावरचे तेवढे किलो कमी झाले तर पाट्याचं काम तिथंच थोडं हलकं होतं.

अशी पुढनं बसलेली गाडी आली की पहिली मागणी येते, "एक पाटा वाढवा की!" ही सवय आपल्याकडे उसाच्या ट्रकांवरून आली आहे. ट्रकवाला पाटा वाढवून घेतो तेव्हा त्याचं बरोबरच असतं, कारण त्याचं ओझं रोजचं आहे आणि त्याला गाडी सरळ उभी राहण्याशी मतलब. ट्रेलवर जाणाऱ्या गाडीचं गणित उलटं आहे. तिथं पाट्याचं पहिलं काम म्हणजे चाक जमिनीला टेकवून ठेवणं. गगनबावड्याकडच्या लाल चिखलात किंवा आंबोलीच्या जांभ्यावर एक चाक दगडावर चढतं, तेव्हा त्याच ॲक्सलचं दुसरं चाक खाली उतरून जमीन शोधत असतं. पाटा कडक असला तर ते उतरत नाही, लोंबकळत राहतं. साध्या डिफरन्शियलची रीत अशी की दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो, म्हणजे जवळजवळ काही नाही. गाडी जागेवर उभी, एक चाक गरागरा फिरतंय. अशा वेळी लोक लॉकरच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या डिफरन्शियलच्या, किमती विचारायला लागतात. पुष्कळदा त्यांना लॉकर नको असतो, मऊ पाटा हवा असतो.

हे तोंडानं सांगून पटत नाही, म्हणून मी दाखवतो. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, तीन चाकांखाली पत्र्याची एकेक पट्टी सरकवायची आणि चौथ्या, म्हणजे पुढच्या एका चाकाखाली जॅक घालून चाक उचलत न्यायचं. मी जॅक मारतो आणि मालकाला गुडघ्यावर बसवून पट्ट्या ओढून बघायला लावतो. जोवर पट्टी घट्ट आहे तोवर त्या चाकावर वजन आहे. एका क्षणी एक पट्टी हाताला सैल लागते, आणि पुढच्या दोन दांड्यांत सहज निघून येते. तिथं थांबून फरशीपासून उचललेल्या चाकापर्यंतचं अंतर मोजायचं. पाटा वाढवलेली गाडी आणि पाटे मऊ केलेली गाडी यांच्या या आकड्यातला फरक स्वतः पट्टी ओढून बघितला की वाद संपतो.

मऊ म्हणजे किती मऊ, हा खरा कौशल्याचा भाग. काट्यावर पुढचं वजन ६७० किलो आलं असं धरू. त्यातून ॲक्सल, चाकं, ब्रेकचे ड्रम-डिस्क असं पाट्यांच्या खाली असलेलं वजन वजा करायचं, कारण ते पाट्यावर नाहीच. ते १५० किलो धरलं तर उरतात ५२०, एका बाजूला २६०. पाटा दर मिलिमीटरला २.४ किलो घेणारा निवडला तर तो या वजनाखाली साधारण १०८ मिलिमीटर दबतो. हा दबण्याचा आकडा फार बोलका आहे. स्प्रिंग वजनाखाली सहा सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला दोनदा हेलकावते, आणि ते हाडांना कळतं. दहा सेंटिमीटर दबत असेल तर दीडदा, तिथं अंगाला बरं वाटायला लागतं. पंचवीस सेंटिमीटर दबली तर सेकंदाला एकदा, पण तेवढी हालचाल सामावायला जिप्सीच्या चाकाच्या वर जागाच नाही. मला पुढे दीडच्या आसपासचा आकडा आवडतो. त्याहून मऊ केलं तर उतारावर ब्रेक मारला की नाक जमिनीला लागतं.

मागचा पाटा पुढच्यापेक्षा जरा जलद हेलकावणारा ठेवावा, हे मॉरिस ऑली या इंजिनिअरानं १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅककडे असताना दाखवून दिलं. त्यानं एका मोठ्या गाडीवर सरकवता येतील अशी वजनं बसवली आणि ती पुढे-मागे करत गाडीची चाल तपासली. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना थोड्या उशिरा. मागचं टोक जरा चपळ असलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी डोलायची थांबते. हे हमरस्त्याच्या वेगाचं शहाणपण आहे. पहिल्या गिअरमध्ये दगडांवरून सरपटताना त्याचा काही उपयोग नाही. पण त्या दगडांपर्यंत जाऊन परत यायचं असतं, म्हणून मी ते पाळतो. मला भावते ती मात्र त्या माणसाची पद्धत. स्प्रिंगचं कोडं सोडवायला त्यानं आधी वजनं हातात घेतली.

मऊपणा आणायचा कसा, ते पाट्यांच्या जाडीत आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. ८ मिलिमीटरचा एक पाटा आणि ५ मिलिमीटरचे चार पाटे जवळपास सारखेच कडक, कारण ८ चा घन ५१२ आणि ५ चा १२५, चारदा घेतला तर ५००. पण तेवढंच वाकवलं तर ८ च्या पाट्याच्या अंगावर जो ताण येतो, त्याच्या पाच-अष्टमांशच ५ च्या पाट्यावर येतो. म्हणजे कडकपणा तोच राहून पातळ पाट्यांचा जुडगा जास्त खोल वाकू शकतो आणि तुटत नाही. चाकाला भरपूर वर-खाली करायचं असेल तर पातळ आणि जास्त पाटे. त्याची किंमत घर्षणात मोजावी लागते. पाटे जितके जास्त तितके एकमेकांवर घासणार, आणि चिखल शिरून गंजले की सगळा जुडगा एका जाड पट्टीसारखा वागायला लागतो. म्हणून पाट्यांच्या टोकांना नायलॉनची चकती घालायची, टोकं निमुळती घासून घ्यायची आणि पावसाळा संपला की जुडगा उघडून साफ करायचा.

हे काम मी ज्या पाटेवाल्या चाचांकडून करून घेतो, त्यांची भट्टी उद्यमनगरात आहे. जुने, बसलेले पाटे घेऊन गेलो की ते आधी सुटा मेन पाटा उचलून उजेडाकडे धरतात, डोळ्यानं कमान बघतात आणि बोटाचं नख आतल्या बाजूनं फिरवतात. बारीक चीर नखाला अडकते. चीर असली की पाटा भंगारात, त्यावर चर्चा नाही. नसली तरी लगेच घण घालून कमान वाढवून देत नाहीत. थंड पाट्याला दोन टेकूंवर ठेवून घणानं कमान देता येते, पण ती फार टिकत नाही, गाडी पुन्हा बसते. "मिस्त्री, कमान घणानं येईल, जीव पाण्यानंच येणार," असं चाचा म्हणतात, आणि ते खरं आहे. पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कणखर करणं. स्प्रिंगचं पोलाद साडेआठशे अंशांच्या पुढे तापवून तेलात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. मग ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. या दुसऱ्या तापवण्यात पाट्याचा स्वभाव ठरतो. गॅसच्या टॉर्चनं जागेवर पाटा लाल करून वाकवून देणारे लोकही आहेत. त्या लाल झालेल्या चार इंचांतलं पाणी निघून जातं, आणि पुढे कधीतरी नेमका तिथंच पाटा वाकतो नाहीतर तुटतो. असे पाटे मी गाडीला लावत नाही, मालकानं कितीही घाई केली तरी.

आता उंची. मऊ पाट्याला उंची हवी तर त्याला मोकळेपणी मोठी कमान द्यावी लागते, आणि गाडीचं वजन आल्यावर तो जवळजवळ सपाट व्हावा लागतो. सपाट उभा असलेला पाटा दोन्ही बाजूंना वाकायला मोकळा असतो, शॅकलही मधल्या कोनात राहतं. वजन येऊनही धनुष्यासारखा ताठ राहिलेला पाटा गाडी उंच दाखवतो, चाक मात्र हलू देत नाही. बाजारात मिळणारे बरेचसे उंचीचे पाटे असेच आहेत. मोठी टायर बसवायला खरोखरच जास्त जागा हवी असेल तर पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा मार्ग आहे. जिप्सीत मुळात पाटे ॲक्सलच्या खाली असल्यामुळे एवढ्या एका बदलानं चार-पाच इंच मिळतात, पाटे सपाट आणि मऊ राहूनही. पण मग जोर लावताना ॲक्सल पाट्यांना पिळतो, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि गाडीचा तोल वर सरकतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा करावा लागतो. स्पर्धेत उतरणाऱ्यानं हे करावं; शनिवार-रविवारी ट्रेलवर जाणाऱ्याला मी दोन इंचांच्या वर जाऊ देत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठणकावून सांगितलं आहे. स्पर्धेची गाडी ट्रेलरवर चढवून न्यावी आणि खासगी जागेतच चालवावी.

हल्ली २०२० नंतरच्या थार आणि जिम्नी जास्त येतात. त्यांना कॉइल स्प्रिंग. तिथं भट्टीचं काम नाही, पण हिशेब आणखी नाजूक आहे, कारण कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ ची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. दिसायला फरक नाही, म्हणून दुकानात दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून निवडू नये, कॅलिपर लावावा. दोन गोष्टी बसवण्याआधीच तपासाव्यात. स्प्रिंग पूर्ण दबली तर वेढे एकमेकांना टेकायच्या आत बंप स्टॉप लागतो का, आणि शॉकॲब्सॉर्बर पूर्ण लांबला तर स्प्रिंग बैठकीतून सुटते का. यातलं एकही चुकलं तर ती स्प्रिंग कितीही महागाची असो, परत करावी.

बसवताना घाई चालत नाही. पाट्याच्या आणि शॅकलच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हातानं लावायचे. चाकं जमिनीवर आली, वजन पडलं, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवली, की मग आवळायचे. हवेत आवळलेलं रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू बोल्ट नवेच घ्यायचे आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. नवे पाटे थोडे बसतातच, म्हणून चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची पहिल्या दिवशी आणि महिन्याभरानं मोजून त्याच पावत्यांच्या मागे लिहितो. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, आणि ट्रेलवर तो बहुधा एकटा असतो. उजवीकडे पाच-सात मिलिमीटर कमी आलं तर डावा आणि उजवा जुडगा आपसात बदलून बघायचा, कारण हातानं केलेले दोन जुडगे कधीच हुबेहूब नसतात. त्यातला उंच उजवीकडे. पावत्या मी मालकाला देतो, आकडे वहीत ठेवतो. पुढे त्यानं विंच काढली, छतावर कॅरिअर टाकला किंवा मागे जास्तीची टाकी बसवली, तर फोन करायचा, आणि येताना वाटेत काट्यावरून यायचं.