शाळेला हातभार

चेन्नईच्या पश्चिमेस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबत्तूर हे उपनगर वसले आहे. तळ्याच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्या या गावात १९४९ साली सायकलींचा मोठा कारखाना आला. पुढे १९६०च्या दशकात लघुउद्योगांची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गावाचे रूप पालटले. २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या या वस्तीत पोटासाठी दूरदूरची माणसे आली. त्यांच्यामागून त्यांची मुले आली आणि त्या मुलांसाठी शाळा हव्या झाल्या.

तमिळनाडूत पहिली ते आठवीपर्यंतच्या शाळेला ‘नडुनिलै पळ्ळी’, म्हणजे मधली शाळा म्हणतात. हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. बालपण सरत आलेले असते आणि मोठेपण अजून उंबऱ्याबाहेर असते. याच वयात मुलीवर धाकट्या भावंडांची जबाबदारी पडते आणि मुलाला कारखान्याची वाट दिसू लागते. सकाळच्या पाळीला जाणारे आईवडील घराबाहेर पडतात, तेव्हा मूल कित्येकदा झोपेतच असते. अशा मुलाने वेळेवर, पोटात काही घालून आणि केलेला गृहपाठ घेऊन शाळेत यावे, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु ती पुरी करण्याचे बळ एकट्या घरात किंवा एकट्या शिक्षकात नसते.

भुकेचा प्रश्न या शहराने फार पूर्वी ओळखला. १९२० साली मद्रास नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्यास सुरुवात केली. त्यावेळी सर पी. त्यागराय चेट्टी हे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ साली ही कल्पना राज्यभर नेली, तर १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तिला पोषण आहाराचे व्यापक रूप दिले. विद्या आणि अन्न यांचे हे नाते मराठी वाचकाला परके वाटू नये. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या काळात ओरत्तनाड येथील छत्रात विद्यार्थ्यांच्या अध्ययनाबरोबर त्यांच्या भोजनाचीही सोय होती.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथे मुख्यमंत्री मु. क. स्टालिन यांनी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यातील सर्व शासकीय प्राथमिक शाळांत पोहोचली. उप्पुमा, खिचडी, पोंगल असे साधेच पदार्थ. पण पहिल्या तासाला फळ्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांत त्यामुळे फरक पडतो. मात्र ही योजना आखली गेली ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. मधल्या शाळेत एकाच छपराखाली पाचवीचा धाकटा भाऊ गरम उप्पुमा खातो आणि सहावीतील बहीण त्याचे दप्तर सांभाळत बाजूला उभी राहते, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. भूक काही इयत्ता पाहून लागत नाही. शासनाचा हात जिथे थांबतो, तिथून समाजाचा हात पुढे यावा लागतो, तो यासाठीच.

असा हात पुढे येऊ शकतो, हे महासाथीच्या काळात दिसले. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते आठवीचे वर्ग तमिळनाडूत १ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा भरले. दरम्यान कित्येक मुले वाचायचे विसरली होती. त्यावेळी ‘इल्लम तेडि कल्वि’, म्हणजे ‘घर शोधत आलेले शिक्षण’, ही योजना निघाली. सुमारे दोन लाख स्वयंसेवकांनी, त्यांतही बहुतांशी स्त्रियांनी, संध्याकाळी आपापल्या वस्तीत मुलांना शिकवले. दरमहा हजार रुपये हे त्यांचे मानधन होते. ओसरी, गच्ची, मंदिराचे आवार, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरले. शेजारची ताई शिकवते म्हटल्यावर मुलांना चुकण्याची भीती वाटेनाशी झाली.

दुसरा हात कारखान्यांचा. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने शासकीय शाळांसाठी ‘नम्म स्कूल नम्म ऊर पळ्ळी’ हा उपक्रम सुरू केला. उद्योग, माजी विद्यार्थी आणि सामान्य नागरिक यांची मदत शाळेपर्यंत पोहोचावी, हा त्याचा हेतू. अंबत्तूरसारख्या ठिकाणी याला विशेष अर्थ आहे. ज्या यंत्रांवर आईबाप राबतात, त्या यंत्रांच्या मिळकतीतला काही वाटा त्यांच्या मुलांच्या प्रयोगशाळेला मिळाला, तर ते दान म्हणता येणार नाही. ती परतफेड होय.

तथापि देणाऱ्याला दिसते ती भिंत, बाक आणि संगणक. भिंतीला रंग एका दिवसात लागतो. वाचनाची गोडी लागायला वर्षे जातात. शाळेला नेमके काय हवे, हे मुलांच्या आईवडिलांइतके कोण जाणणार? म्हणूनच २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. पाळीवरून थकून आलेली आई त्या सभेत बसते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही असे स्पष्ट सांगते, तेव्हा कायद्यातील अक्षरांना अर्थ येतो. पण सभा तिच्या पाळीच्या वेळी भरली, तर तिची जागा रिकामीच राहते.

हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यानंतर मधली शाळा संपते आणि मुलाला दुसऱ्या शाळेत नाव घालावे लागते. ही पायरी लहान दिसते, पण अनेकांचा पाय इथेच घसरतो. त्या पायरीवर न्याहारी देणारी बाई, शिकवणारी ताई, मदत करणारा कारखाना आणि सभेतली आई एकत्र उभी असतील, तर नववीच्या पटावर आणखी एक नाव चढते. शाळेला मिळालेल्या हातभाराचे मोल रुपयांत न मोजता, त्या एका नावाने मोजावे.